खेळण्याला सरावफेरीत जागा हवीच

श्वानांच्या अ‍ॅजिलिटी स्पर्धेत, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, कुत्र्याला धावतं करणाऱ्या हँडलरने रिंगणात खेळणं आणलं की जोडी बाद होते. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाचा हा नियम गुणांच्या फेरीपुरता रास्तच आहे. तिथे सगळ्यांची कसोटी सारखीच हवी. पण विनागुणांच्या सरावफेरीतही खेळण्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं टिकत नाही.

ते म्हणतात, खेळण्याने कुत्रा लालची होतो. मग पोलिसांच्या शोधक श्वानांचं काय? वास अचूक हेरला की चेंडू, याच पद्धतीने जगभर असे श्वान तयार होतात. त्यांच्या शिस्तीला कुणी नावं ठेवत नाही.

दुसरा आक्षेप गोंधळाचा आणि वेळेचा. ब्रिटनच्या केनेल क्लबने तो केव्हाच निकालात काढला आहे. तिथे विनागुणांच्या फेरीत खेळणं चालतं. फक्त त्याचा आवाज होता कामा नये. वेळेची मर्यादा घालून दिली की पुढच्या जोड्यांचाही खोळंबा होत नाही.

तिसरा आक्षेप, ‘घरी शिकवून या.’ पुण्याच्या सदाशिव पेठेत कुठे शिकवायचं? कुत्र्याने नागमोडी पळायच्या १२ काठ्या ६० सेंटिमीटर अंतराने रोवायच्या तर ६.६ मीटर सरळ जागा लागते. शिवाय कुत्र्याला वेगाने आत शिरायला आणि बाहेर पडायला मोकळीक हवी. नागनाथ पाराजवळच्या इमारतीत दुचाकींनी भरलेल्या पार्किंगमध्ये ती मिळायची नाही. तिथे फार तर एखादी उडी बसवता येते. गर्दी, ध्वनिवर्धक आणि परक्या कुत्र्यांचा वास यांची सवय स्पर्धेच्या मैदानावरच होते.

खरा मुद्दा इथेच आहे. मैदानावर बक्षीस कधीच मिळत नाही, हे कुत्रा चटकन ओळखतो. मग अडथळ्याच्या उतरणीवर जिथे पाय टेकवणं सक्तीचं असतं, त्या रंगीत पट्ट्यात पाय न टेकवताच तो खाली उडी मारतो आणि पुढे धावण्याचा आनंद हेच त्या चुकीचं बक्षीस ठरतं. हीच चूक पुढे अंगवळणी पडते. पट्ट्यात पाय टेकल्याच्या क्षणी खेळणं मिळालं, तर योग्य कृती तिथल्या तिथे पक्की होते.

म्हणून पुण्यातल्या आयोजकांनी प्रत्येक स्पर्धेत आधी जाहीर केलेली, विनागुणांची, मऊ आणि बिनआवाजी खेळण्याची सरावफेरी ठेवावी. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी हा खेळ पहिल्यांदा सादर झाला. आज त्यासाठी घाम गाळणाऱ्या कुत्र्यालाही त्यातला आनंद मिळणं, हा त्याचा हक्क आहे.