स्नोबोर्ड भाड्याने घेताय? आधी ते चार स्क्रू बघा

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावात बर्फ दिसतो तो रसवंतीवर. तरी गुलमर्गच्या रील्स इथल्या मोबाइलवरही फिरतात. नांदेडहून जम्मूला आठवड्यातून एकदा थेट हमसफर एक्स्प्रेस आहे आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली आहे. मार्च २०२५ मध्ये गुलमर्गला झालेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत स्नोबोर्डिंगही होतं. म्हणजे तिथे जाऊन भाड्याचा बोर्ड पायाला बांधणारे आता मराठवाड्यातूनही निघणार. रीलमध्ये मात्र बोर्ड बांधण्याचा भाग कधीच नसतो.

बूट बोर्डला जखडणाऱ्या पट्ट्यांच्या साच्याला बाइंडिंग म्हणतात. स्कीचं बाइंडिंग जोरात पडल्यावर आपोआप सुटतं. स्नोबोर्डचं सुटत नाही. ढेकळं फोडायला बैलांमागच्या फळीवर उभा राहणारा शेतकरी तोल गेला की उडी मारतो. इथे ती सोय नाही. पाय चुकीच्या कोनात बांधले, तर दिवसभर गुडघा पिळत राहतो.

पहिला प्रश्न, पुढे कोणता पाय? डावा पुढे असेल तर 'रेग्युलर', उजवा असेल तर 'गूफी'. उजव्या हाताचा बॅट्समन डावा खांदा बोलरकडे करून उभा राहतो, तसं रेग्युलर. पण लिहायचा हात बघून हे ठरत नाही. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरा. जो पाय आपसूक पुढे जाईल, तो तुमचा.

मग दोन पायांतलं अंतर. खांद्यांइतकं किंवा किंचित जास्त ठेवून सुरुवात करा. फार जवळ असले तर तोल जातो, फार लांब असले तर गुडघे वाकत नाहीत.

खरी गोम कोनात आहे. बाइंडिंगच्या मधोमध एक गोल चकती असते, तिच्यावर अंशांच्या खुणा असतात आणि साधारण चार स्क्रू. पाय बोर्डला बरोबर आडवा असेल तर कोन शून्य. बोटं बोर्डच्या पुढच्या टोकाकडे वळली की अधिक, मागे वळली की उणे. नवशिक्याला पुढचा पाय अधिक १५ आणि मागचा उणे ६ ते उणे ९ हा कोन बहुतेकदा जमतो. बदकासारखी ही ठेवण दिसायला विचित्र आहे, पण माणूस सहज उभा राहिला तरी पावलं थोडी बाहेरच वळतात. गुडघे वाकवून खाली बघा. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने जात असेल तर ठीक. आत पडत असेल तर स्क्रू सैल करून कोन बदला. बूट आडवा मध्यभागी आहे ना, हेही बघा. टाच आणि बोटं कडेबाहेर सारखीच डोकावायला हवीत. एकीकडे जास्त आली तर वळणावर बर्फात घासतात आणि माणूस आपटतो. पडताना हात टेकला जातो, म्हणून या खेळात मनगटं जास्त मोडतात.

भाड्याच्या बोर्डवर आधीच्या गिऱ्हाइकाचीच मापं लावलेली असू शकतात. एका स्टार स्क्रू-ड्रायव्हरने ती पाच-दहा मिनिटांत बदलतात. मागे रांग लागली म्हणून संकोच करू नका. गोंडोलात बसून वर गेल्यावर तिथे स्क्रू-ड्रायव्हर मिळेलच असं नाही.