कार्तिकांतील थेऊर

कार्तिक वद्य अष्टमी आली म्हणजे पुणेकरांचें मन सहजच थेऊरकडे वळतें. याच तिथीस, १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं, श्रीमंत थोरले माधवराव पेशवे यांनीं श्रीचिंतामणीच्या सन्निध देह ठेविला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या १९६२ सालच्या कादंबरीमुळें त्यांचें नांव घरोघर झालें. तथापि कादंबरी वाचून डोळे पुसणें निराळें, आणि त्या चरित्रापासून आपल्या संसारापुरता कांहीं बोध घेणें निराळें. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें हा दुसरा विचार मांडीत आहों.

ज्या वयांत आपल्या घरचा मुलगा परीक्षेच्या चिंतेंत असतो, त्या सोळाव्या वर्षीं या मुलावर काय प्रसंग आला तें पाहावें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर वडील बंधु विश्वासराव व चुलते सदाशिवरावभाऊ पडले. २३ जून रोजीं पर्वतीवर तीर्थरूप नानासाहेब वारले. जुलै महिन्यांत साताऱ्यास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, आणि त्यांबरोबरच खचलेली फौज, डोईजड कर्ज व कारभार आपल्याच हातीं राहावा असें वाटणारे काका रघुनाथराव, हा सर्व वारसाही पदरीं आला.

त्याच सुमारास युरोपांत प्रशियाचा राजा फ्रेडरिक सप्तवार्षिक युद्धांत चहूंकडून वेढला गेला होता. त्यासही घरचा कलह चुकला नव्हता. अठरा वर्षांचा असतां, १७३० सालीं, तो कडक स्वभावाच्या पित्यापासून पळून जाऊं लागला. तो बेत फसला आणि त्याच्या जिवलग मित्रास शिरच्छेदाची शिक्षा भोगावी लागली. पुढें मात्र राजा हा राज्याचा पहिला सेवक होय, असें तो म्हणत असे. त्या सेवेस त्याला शेहेचाळीस वर्षें मिळालीं. आमच्या माधवरावांस अकराच मिळालीं. फ्रेडरिकास जगानें ‘थोर’ म्हटलें, यांस आपण ‘थोरले’ म्हणतों. दोघांची तुलना विजयांच्या संख्येनें करण्यांत अर्थ नाहीं. घरांतील विरोध कोणीं कसा सोसला, हें पाहणें अधिक उपयोगाचें आहे.

नोव्हेंबर १७६२ मध्यें काका-पुतण्यांचें भांडण आळेगांवानजीक रणांगणावर आलें. रघुनाथरावांस निजामाचें साह्य होतें. पुतण्याची बाजू पडती झाली. अशा वेळीं पळून जाऊन दुसरी फौज जमविणें, हा मानी तरुणास सुचणारा मार्ग. माधवरावांनीं तो धरला नाहीं. घरच्या यादवींत राज्य बुडेल आणि लाभ शत्रूचा होईल, हें ओळखून ते आपण होऊन काकांच्या छावणींत गेले व त्यांच्या स्वाधीन झाले. सतरा वर्षांच्या मुलाची ही माघार आम्हांस कित्येक विजयांहून मोठी वाटते.

त्या माघारीचें फळ वर्षाच्या आंत दिसलें. १७६३ सालीं निजामानें पुणें लुटलें व जाळलें. परंतु १० ऑगस्ट रोजीं गोदावरीकांठीं राक्षसभुवन येथें, रघुनाथराव शत्रूच्या वेढ्यांत सांपडले असतां, पुतण्याच धांवून आला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईंत पडला. यानंतर कारभार खऱ्या अर्थानें माधवरावांच्या हातीं आला.

हा सोशिकपणा दुबळेपणाचा नव्हता, हेंही ध्यानांत ठेवावें. काकांनीं पुनः शस्त्र उचललें, तेव्हां जून १७६८ मध्यें धोडप येथें त्यांचा पराभव करून माधवरावांनीं त्यांस पुण्यास आणिलें व शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेविलें. पण काकांच्या जिवास त्यांनीं धक्का लाविला नाहीं. हैदरावर वारंवार स्वाऱ्या झाल्या. उत्तरेंत १७७१ सालीं मराठी फौजा पुनः दिल्लींत शिरल्या. घरीं रयतेची वेठबिगार बंद करण्याकडे त्यांनीं लक्ष पुरविलें, आणि न्यायासनावर रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा निःस्पृह पुरुष होता. पेशवे जपानुष्ठानांत फार वेळ घालवूं लागले, तेव्हां ‘स्नानसंध्याच करणें असेल तर राज्य सोडून काशीस चलावें’ अशा अर्थाचें शास्त्रीबोवा बोलले, अशी कथा सांगतात. तरुण धन्यानें रागावण्याऐवजीं आपली चूक सुधारली, यांतच त्या कथेचें मर्म आहे.

अखेरीस क्षयानें गांठलें. शेवटच्या दिवसांत त्यांनीं कारभाऱ्यांकडून नऊ कलमें मान्य करून घेतलीं. त्यांत राज्यावरील कर्ज फेडण्याची चिंता ठळक दिसते. मृत्यु उशाशीं उभा असतां ज्यास देण्याची आठवण राहते, तो खरा घरधनी. पत्नी रमाबाई थेऊरासच सती गेल्या. ती चाल आज कोणी स्तुत्य मानणार नाहीं. परंतु त्या तरुण साध्वीच्या वृंदावनापुढें मान आपोआप लवते.

त्यांच्या पश्चात् वर्षही पुरें झालें नाहीं, तोंच ३० ऑगस्ट १७७३ रोजीं धाकटे बंधु नारायणराव यांचा शनिवारवाड्यांत खून झाला. पानिपताचा घावही या अकालमृत्यूहून राज्यास अधिक घातक ठरला नाहीं, असा अभिप्राय ग्रँट डफ यांनीं दिला आहे, तो उगाच नव्हे. एका माणसाच्या धीरानें जी भिंत उभी होती, ती तो जातांच खचली.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस राज्य नाहीं. घर मात्र प्रत्येकास आहे. वडिलार्जित वाड्याच्या वांटणीवरून काका-पुतण्यांचें बोलणें बंद झालेलीं घरें आपल्या पेठांतून आपण पाहतों. त्यांतील एखाद्यानें जरी यंदाच्या कार्तिकांत थेऊरास जाऊन नदीकांठीं घटकाभर बसावें आणि परत येतांना आपल्या काकांच्या दारावरून यावें, तरी ही अष्टमी सार्थकीं लागली, असें आम्ही समजूं.