ट्रॉलीचं व्यासपीठ

कामरगावात आमच्या गटातल्या एकीच्या गोठ्यामागं ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली पडून आहे. भंगारात घालण्यापेक्षा ती गटाला द्यायला मालकीणबाई तयार आहेत. तिचं फिरतं व्यासपीठ करावं असं मी बैठकीत सुचवलं, तेव्हा एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं, "पथनाट्याला स्टेज कशाला? गोल केला की झालं." हा प्रश्न इतर गटांतही निघेल, म्हणून लिहिते.

पथनाट्याचं मोल मी जाणते. 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये आलं आणि आपल्यातल्या कित्येकींना त्यानं चळवळीत ओढलं. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरला पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. ४ तारखेला त्याच जागी मोलयश्री हाश्मी उभ्या राहिल्या आणि अर्धवट राहिलेलं नाटक पुरं केलं. हे कोण विसरेल? पण आमच्याकडं चौकात गोल केला की पुढं पोट्टे, मागं बाप्ये, आणि बाया दारात नाही तर भिंतीआड. ज्यांच्यासाठी नाटक, त्यांना नुसता आवाज ऐकू येतो. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून तीनेक फूट वर असतो. तेवढ्या उंचीवर दारातल्या बाईलाही दिसतं, आणि काम करणाऱ्या पोरींच्या अंगाशी कुणी येत नाही.

गावात ओटे नाहीत असं नाही. पार आहे, समाजमंदिर आहे, गणपतीचा मांडव पडतो. दारूबंदीवर बोलायचं म्हटलं की मात्र किल्ली सापडत नाही! शिवाय पारावरच्या कार्यक्रमाला बौद्ध वस्तीतल्या बाया येत नाहीत, आणि तिकडं ठेवला तर इकडच्या जात नाहीत. चाकं असली की एकाच संध्याकाळी दोन्हीकडं जाता येतं.

यात नवं काही नाही. तंबूचा तमाशा आपला रंगमंच, तंबू, दिवे सगळं ट्रकमध्ये घालून फिरतो. विठाबाई नारायणगावकरांनी असा फड चालवला. आपण शिकलेल्या बाया तमाशाचं नाव काढलं की नाक मुरडतो, पण गावात जाऊन आपली जागा आपण उभी करायची हे त्या बायांनी आपल्या कितीतरी आधी केलं.

आता ट्रॉलीचं. तळ दहा बाय सहा फूट. बाजूचे फाळके दोन-दोन फुटांचेच, ते पाडून काही होत नाही. ते काढून लोखंडी अँगलच्या चार-चार फुटांच्या चौकटी करायच्या, वर जाड प्लायवुड, खाली भक्कम बिजागऱ्या. उभ्या केल्या की बाजू, पाडल्या की मंच चौदा फूट रुंद. प्रत्येक चौकटीला खाली घडीचे पाय हवेत, नुसत्या साखळ्यांवर नाचणाऱ्या पोरी सोडू नका. दोन चाकांची ट्रॉली मागं वजन पडलं की उलटते, म्हणून मागच्या कोपऱ्यांना टेकू आणि चाकांना दगड आधी. पोरींना ट्रॉलीत बसवून न्यायचं नाही, त्या एसटीनं जातील. शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली या कामाला चालेल का, हे आरटीओत विचारून घ्यावं.

पैसा? ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कशात जातात, हे महिला ग्रामसभेत विचारा आणि यातला वाटा मागा. मात्र पंचायतीनं पैसे दिले म्हणून किल्ली सरपंचाच्या नवऱ्याकडं जाता कामा नये. २०११ पासून राज्यात निम्म्या जागा बायांच्या आहेत, तरी सभेत कोण बोलतं ते आपण पाहतोच. कागदपत्रं गटाच्या नावावर हवीत, एखादीच्या घरधन्याच्या नव्हे.

ओढायला ट्रॅक्टर लागेल, तो तूर घरात येईपर्यंत कुणी देणार नाही. पहिली फेरी होळीनंतरच निघेल. तोवर आमच्या दोघीजणी ट्रॅक्टर शिकताहेत, लायसन्सही काढणार आहेत.