घाईचा चार्जर आणि आपली जयणा



गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो होतो. तेव्हा मुलाने विषय काढला. त्याच्या विजेच्या मोटरसायकलला मोठा चार्जर बसवायचा. ओळखीचा एक मेकॅनिक पंधरा हजारांत बसवून देतो म्हणे, साडेचार तासांचं काम पावणेदोन तासांत. "आई, आता सगळीकडे फास्ट चार्जिंगच आहे." यांनी ताटातून डोकं वर काढलं नाही. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. हिशोबाचा विषय निघाला की आमच्याकडे सगळे माझ्याचकडे बघतात. बी.कॉम.ची डिग्री त्यापुरती अजून उपयोगी पडते.

जेवणं झाल्यावर मी म्हटलं, वही आण.

गाडीच्या कागदावर जे 'किलोवॉट-अवर' लिहिलेलं असतं, तेच आपल्या लाइटबिलातलं युनिट. एवढं कळलं की बाकी सगळं घरखर्चाचंच गणित आहे. त्याची बॅटरी तीन युनिटची. गाडीबरोबर आलेला चार्जर 750 वॉटचा, म्हणजे तासाला पाऊण युनिट. येरवडा ते हिंजवडी जाऊन-येऊन साधारण 45 किलोमीटर, आणि भरलेल्या बॅटरीवर त्याची गाडी 75 किलोमीटर जाते. म्हणजे रोज खर्च होतात 1.8 युनिट. थोडी वीज उष्णतेत वाया जाते हे धरून ती भरायला पावणेतीन तास पुरतात. आणि गाडी रात्री दहा ते सकाळी सात, नऊ तास पार्किंगमध्ये उभी असते.

नवीन 2000 वॉटच्या चार्जरने हेच काम तासाभरात होईल. वाचले पावणेदोन तास, तेही त्याच्या झोपेतले! पंधरा हजार मोजून झोपेतला वेळ वाचवायचा, हा कुठला व्यवहार?

तो हसला, पण पटलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावलं. त्याने दोन वाक्यांत सांगितलं. जुना चार्जर साडेतीन-चार अँपिअर ओढतो, नवा नऊ-दहा ओढेल. करंट अडीच पट झाला की त्याच वायरमधली उष्णता अडीच पट होत नाही, सहा पट होते. पंख्या-दिव्यासाठी टाकलेली बारीक वायर आणि पाच अँपिअरचा प्लग याला चालतच नाही. गीझरसारखी जाड वायर, पंधरा अँपिअरचा पॉइंट, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग हवं. आपण गीझर कधी एक्स्टेंशन बोर्डावर लावतो का? मग गाडी का लावायची?

ही झाली भिंतीतली गोष्ट. बॅटरीच्या पोटातली गोष्ट आपल्याला जास्त लवकर कळेल. आपल्याकडे अठई झाली की पारण्याला कुणी पुरणपोळीचं ताट वाढत नाही. मुगाचं पाणी, तेही चमच्या-चमच्याने. पोट किती घेऊ शकतं, ते पोटच ठरवतं. लिथियमच्या बॅटरीचंही तसंच आहे. चार्ज होताना लिथियमचे कण आतल्या ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. त्यांना जागा घ्यायला वेळ न देता रेटलं, तर ते आत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचतात. मग बॅटरीची ताकद कायमची कमी होते, आणि साचलेला धातू वाढत गेला तर आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते.

म्हणून ज्या गाडीला कंपनीनेच फास्ट चार्जिंग दिलेलं असतं, तिथे बॅटरी आणि चार्जर एकमेकांशी 'बोलतात'. बॅटरी तापली किंवा भरत आली की करंट कमी होतो. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला एवढा वेळ का लागतो, त्याचं कारण हेच. बाहेरून जोडलेला चार्जर हे बोलणं ऐकेलच याची खात्री कोण देणार? तो मेकॅनिक लिहून देणार आहे का? शिवाय असा बदल केला की कंपनीची वॉरंटी धोक्यात येते, आणि उद्या विम्याचा दावा करायची वेळ आली तर पहिला प्रश्न याचाच निघेल.

मी नव्या गोष्टींच्या विरोधात नाही. बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारी आमची पिढी. आज त्याच नावाची विजेची चेतक आपल्या आकुर्डीत तयार होते, याचा मला आनंदच आहे. पुण्याच्याच टॉर्क मोटर्सने 2022 च्या जानेवारीत क्रॅटोस ही विजेची मोटरसायकल आणली, तेव्हा फास्ट चार्जिंगची सोय तिच्या वरच्या, क्रॅटोस आर या प्रकारात दिली होती. ज्याला हवं त्याने ते गाडी घेतानाच घ्यावं, मागून चिकटवू नये, एवढंच माझं म्हणणं.

त्याच वर्षी मार्चमध्ये विमानतळापलीकडे लोहगावला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका विजेच्या स्कूटरने पेट घेतला होता. तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिला असेल. तिथे कुणी चार्जर बदलला होता असं मी म्हणत नाही. पण अशा घटनांनंतर सरकारने चौकशी लावली आणि डिसेंबर 2022 पासून बॅटरीच्या सुरक्षेचे नियम टप्प्याटप्प्याने कडक केले. एवढ्या तपासण्यांतून गेलेल्या गाडीत आपण स्वतःच्या हाताने बिनतपासणीची वस्तू जोडायची, हे मला समजत नाही.

मुलाचा विषय इथे मिटला. पण वहीत एक हिशोब राहिला होता, आणि तो माझ्याच खात्यावर होता.

आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींचा मुलगा पार्सल पोचवतो. त्याची गाडी दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर धावते. दुपारी घरी येऊन तासभर तरी चार्ज केल्याशिवाय त्याचा दिवस पूर्ण होत नाही. त्याच्यासाठी चार्जिंगचा एक तास म्हणजे बुडालेली कमाई. त्याला मी "घाई करू नकोस" असं कोणत्या तोंडाने सांगू? एक दिवस तोच म्हणाला, "काकू, तो पंधरा हजारांचा चार्जर मीच घेतो." त्याची गाडी खिडकीतून काढलेल्या एक्स्टेंशन वायरवर चार्ज होते. ती वायर पावसात भिजते. तिच्या शेजारी मुलं खेळतात.

ती वायर तिथे का आहे? दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगला चार्जिंग पॉइंट द्यायचा विषय आला, तेव्हा खजिनदार म्हणून मीच विरोध केला होता. "कॉमन बिल वाढेल, हिशोब कोण ठेवणार?" सगळ्यांनी मान डोलावली. विषय संपला, गाड्या थोड्याच संपणार होत्या? वायर खिडकीतून बाहेर आली.

आता वाचल्यावर कळतं. जानेवारी 2022 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की, घरच्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. म्हणजे ज्याच्या-त्याच्या मीटरवरून जाड वायर पार्किंगपर्यंत नीट पाइपातून आणता येते. ते जमत नसेल तिथे कॉमन मीटरवर सबमीटर बसवायचा आणि महिन्याचं रीडिंग लिहायचं. दूधवाल्याचा हिशोब आपण कॅलेंडरवर आयुष्यभर ठेवला, चार सबमीटरचं रीडिंग काय जड आहे?

त्या मुलाला मी सांगितलं, चार्जर जोडू नकोस. पुढची गाडी घेशील तेव्हा फास्ट चार्जिंगवालीच घे. तोवर दुपारच्या तासासाठी तुला सुरक्षित पॉइंट मिळवून देणं माझ्याकडे लागलं. येत्या मीटिंगमध्ये ठराव मीच मांडणार आहे. दोन वर्षांपूर्वी माझं चुकलं, हेही तिथेच सगळ्यांसमोर सांगणार आहे.

पाणी गाळताना, गॅस पेटवण्याआधी शेगडी पुसून घेताना आपण जयणा पाळतो. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबू नये. आज संध्याकाळी पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कुठली वायर कुठून आली आहे, कुठला प्लग हाताला गरम लागतो, कुणाच्या मुलाची गाडी तिथे उभी आहे, एवढं बघा. आणि मीटिंगला "हे जाऊन येतील" असं म्हणू नका, स्वतः जा.