उलटलेली होडी सोडू नका

वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या गावागावांत पट्टीचे पोहणारे आहेत. पण पोहता येणं वेगळं आणि उलटलेल्या होडीत एकट्यानं परत चढता येणं वेगळं. हे दुसरं आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली, १७ जणांचा जीव गेला. पाणी ओळखीचं असलं म्हणून ते कुणाची गय करत नाही.

आता तापोळा, बामणोलीला शिवसागर जलाशयात कयाक चालवायला तरुण मुलं मोठ्या संख्येनं येतात. कयाक अरुंद असते, ती कधीतरी उलटणारच. अशा वेळी काठ जवळ दिसतो आणि माणूस पोहत सुटतो. तिथंच घात होतो. पाण्यावरून अंतराचा अंदाज चुकतो, दम संपतो. कयाक मात्र तरंगत राहते आणि मदतीला येणाऱ्याला लांबून दिसते. म्हणून एक हात कयाकवर, दुसऱ्या हातात वल्हं. आधी श्वास सावरा.

मग उघड्या, वर बसायच्या कयाकच्या मधोमध या. तळावरून हात टाकून पलीकडची कड धरा, अंग मागं झोकून ती सुलटी करा. आता कडेला दोन्ही हात ठेवा आणि पाय मागं लांब करून जोरात मारा. अंग पाण्यावर आडवं झालं, की पोटावर सरकत कयाकवर या. लगेच उठू नका. पोट मधोमध आलं की कुशीवर वळून बूड टेका, शेवटी पाय आत घ्या. बहुतेकांची चूक एकच होते : पाय खाली लोंबते ठेवून नुसत्या हातांच्या जोरावर वर चढायला बघतात. त्यानं कयाक पुन्हा अंगावर येते.

वाहत्या नदीत नियम बदलतो. होडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला राहा. खालच्या बाजूला राहिलात, तर होडी आणि झाड किंवा खांब यांच्यात चिरडले जाल. पुराच्या पाण्यात तर हौसेनं उतरूच नका.

हे वाचून येत नाही, करून येतं. पावसाळा सरल्यावर शांत पाण्यात, काठाजवळ, लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट आवळून आणि जाणकार सोबत घेऊन मुद्दाम कयाक उलटवा. दमलेल्या अंगानंही चढता येईपर्यंत सराव करा. बोट क्लबच्या चालकांनाही विनंती आहे : पर्यटकाच्या हाती वल्हं देण्याआधी काठाशी एकदा त्याला परत चढायला लावा. त्याला पाच-दहा मिनिटं लागतील, ती द्या. आणि ज्याला अजून परत चढता येत नाही, त्यानं एकट्यानं खोल पाण्यात जाऊ नये.