ही बाधा नव्हे, आजार आहे!



२० मार्चला चवदार तळ्यावर जाणारे कितीतरी लोक वीर स्टेशनावर उतरतात. अशाच एका क्रांतिदिनाची गोष्ट. वीरकडच्या एका वस्तीतला विशीतला मुलगा दिवसभर उन्हात पाणी वाटत होता, सतरंज्या उचलत होता. रात्री भात आणि बुंदी पोटभर खाऊन झोपला. पहाटे पाहतो तर पाय उचलेनात, कूसही वळता येईना. शुद्ध मात्र पूर्ण, बोलणे स्पष्ट.

कोणी म्हणाले, प्यायला असेल. कोणी म्हणाले, बाधा झाली, भगताकडे न्या. दुपारी तो आपोआप चालू लागला, तेव्हा "सोंग करतो" असा शिक्का बसला. पुढे पुन्हा तसेच झाले. त्या वेळी आम्ही त्याला तशाच अवस्थेत रिक्षात घालून महाडला डॉक्टरांकडे नेले. रक्तातले पोटॅशियम फार कमी निघाले.

या आजाराला 'पिरिऑडिक पॅरालिसिस' म्हणतात. स्नायूंच्या पेशींना क्षारांची ये-जा करणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांत जन्मजात दोष असतो. अतिश्रमानंतरची विश्रांती किंवा भात-गोडाचे भरपेट जेवण झाले की रक्तातले पोटॅशियम पेशींत ओढले जाते आणि स्नायू ऐकेनासे होतात. काही तासांनी, कधी दिवसभराने ताकद परत येते. दुसऱ्या प्रकारात उलट पोटॅशियम वाढते. उपास आणि थंडी त्याला निमित्त होतात. म्हणून "केळी खा, शहाळे प्या" हा सल्ला सरसकट देऊ नये. काहींना थायरॉईड वाढल्यानेही असे होते, तीही तपासणी करावी.

लुळेपणा असतानाच रक्त आणि हृदयाचा कार्डिओग्राम तपासून घ्यावा. "ग्लुकोजची बाटली लावा" असा हट्ट धरू नये. पोटॅशियम कमी असताना त्याने त्रास वाढू शकतो. श्वास किंवा गिळणे जड गेले तर क्षणही दवडू नये. औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता असते. तेव्हा सुनेला दोष देण्यात अर्थ नाही. पूर्वजन्मीचे पाप म्हणणे तर आपल्याला शोभतच नाही. ती कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे.

डॉक्टरांनी घरच्यांची चौकशी केली तेव्हा मुलाची आई रडू लागली. त्याचे वडीलही लग्नाच्या जेवणानंतर सकाळी असेच पडून राहत. वस्तीने त्यांना जन्मभर 'आळशी' म्हटले. म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. ते आता हयात नाहीत, त्यांची माफी मागता येत नाही. निदान त्यांच्या मुलाला तरी ते नाव लागू नये, एवढे आपल्या हाती आहे.