शाळेच्या अंकातला खेळ

इंग्लंडमधल्या रग्बी शाळेचा ‘द मीटीअर’ हा अंक 1867 पासून निघू लागला. शाळेच्या बातम्या, सामन्यांचे वृत्तान्त आणि माजी विद्यार्थ्यांची पत्रे त्यात छापली जात. 1876 मध्ये मॅथ्यू ब्लॉक्सम या माजी विद्यार्थ्याचे एक पत्र त्यात आले आणि 1880 मध्ये त्याच विषयावर त्याने पुन्हा लिहिले. 1823 साली विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने फुटबॉल खेळताना चेंडू हातात घेतला, नियम धुडकावून तो पुढे पळत सुटला आणि रग्बीच्या खेळाची वेगळी वाट तिथे फुटली, असे ब्लॉक्समचे सांगणे होते. 1900 मध्ये शाळेत एलिसच्या नावाची शिळा बसली. 1987 पासून पुरुषांच्या रग्बी विश्वचषकाला त्याचेच नाव आहे. एवढे सगळे उभे राहिले ते शाळेच्या अंकातल्या त्या पत्रांवर. ब्लॉक्समने मात्र तो प्रसंग पाहिलेला नव्हता. 1823 च्या आधीच तो शाळा सोडून गेला होता. एलिसला विचारावे, तर तो 1872 मध्येच वारला होता. 1895 मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने चौकशी केली, तेव्हा प्रत्यक्ष पाहिलेला एकही साक्षीदार मिळाला नाही. 1834 मध्ये शाळेत आलेला कादंबरीकार टॉमस ह्यूज याने तर सांगितले, की त्याच्या पहिल्या वर्षात चेंडू घेऊन धावणे जिवावर बेतण्यासारखे होते आणि ती रीत पुढे हळूहळू रुळली. मुलांनी खेळाचे नियम लिहून काढले तेच मुळी 1845 मध्ये.

शाळेचे जुने अंक चाळताना ही कथा ध्यानात ठेवायला हवी. शाळेच्या अंकाचे खरे मोल त्यातल्या आठवणींत नसते. ते त्याच वर्षी, खेळ ताजा असताना केलेल्या कोरड्या नोंदींत असते. 1823 च्या त्या खेळाची कुणी तेव्हाच चार ओळींची नोंद करून ठेवली असती, तर पन्नास वर्षांनी ऐकीव कथेला जागाच उरली नसती. आणि मुलांचा खेळ म्हणून तो टिपण्याच्या लायकीचा नाही, असे कुणी म्हणेल, तर त्याला ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजकडे बोट दाखवावे. तिथे 1899 च्या जूनमध्ये शाळेच्याच दोन गटांत लहान मुलांचा एक सामना झाला. तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सने चार दिवसांच्या दुपारी मिळून नाबाद 628 धावा केल्या. त्या आकड्याच्या काटेकोरपणावर शंकाही घेतल्या गेल्या, पण त्या घेता आल्या त्यासुद्धा गुणफलक जागच्या जागी लिहिला गेला म्हणूनच. 2016 च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या, तेव्हा एका रिक्षाचालकाच्या मुलाने कुणाचा विक्रम मोडला हे जगाला सांगता आले, कारण 117 वर्षांपूर्वीच्या शाळकरी मुलांच्या सामन्याचा कागद शिल्लक होता.

आपल्याकडे क्रिकेटचे त्यातल्या त्यात बरे चालले. मुंबईतल्या हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेचे सामने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत आले. 1988 मध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेली 664 धावांची अखंड भागीदारी पोराटोरांनाही तोंडपाठ असते. खो-खो, कबड्डी, लंगडी, मल्लखांब यांना हे भाग्य नाही. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये बांधले, म्हणजे खेळाला रीतसर रूप येऊन शंभर वर्षे उलटली. पण तालुक्याच्या शाळेतली कोणती मुलगी कोणत्या साली किती मिनिटे पळाली, हे शोधायचे तर वर्तमानपत्रे सहसा उपयोगी पडत नाहीत. आधार उरतो तो शाळेच्या वार्षिकांकातल्या जिमखान्याच्या अहवालाचा आणि संघाच्या छायाचित्राखालच्या ‘बसलेले डावीकडून’ या ओळीचा. वाचकाला कंटाळवाणी वाटणारी ती ओळच संशोधकाला सर्वांत मोलाची असते, कारण कर्णधाराबरोबर राखीव खेळाडूचेही नाव तिथे असते. शतकमहोत्सवाच्या स्मरणिकेत नेमके उलटे घडते. तिथे नामवंत झालेले माजी विद्यार्थी आठवणी लिहितात, त्यामुळे पुढे नाव न झालेले खेळाडू गळून जातात आणि जिंकलेला सामना दरवर्षी थोडा थोडा मोठा होत जातो.

वार्षिकांक तरी कुठे खरे बोलतात, असा आक्षेप येईल. ते शिक्षकांच्या नजरेखालून जातात, पराभव एका वाक्यात उरकतात, मुलींचे खेळ कित्येकदा शेवटच्या परिच्छेदात ढकलतात. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्या वर्षी जे वगळले गेले, तेही त्या वर्षाबद्दल काही सांगते. मुलींच्या संघाला दोनच ओळी मिळाल्या, तर त्या दोन ओळी हा शाळेने त्यांना किती जागा दिली याचा पुरावा आहे. पन्नास वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत तो पुरावाही पुसला जातो. दुसरा आक्षेप आजचा. प्रत्येक पालकाच्या फोनमध्ये सामन्याचे चित्रण असताना छापील अंक हवा कशाला? त्या चित्रणात कोण खेळते आहे, सामना कोणत्या फेरीचा, निकाल काय, यातले बहुधा काहीच लिहिलेले नसते. फोन बदलला, फोनवरचा पालकांचा गट मोडला, की ते गेले. चित्र भरपूर आणि नोंद शून्य, अशी अवस्था एकोणिसाव्या शतकातल्या रग्बीपेक्षा फारशी पुढची नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि माजी विद्यार्थी संघांना माझी विनंती आहे. शाळेच्या कपाटातले जुने वार्षिकांक रद्दीत जाण्याआधी पानापानाने स्कॅन करून घ्या, खेळाच्या पानांवरची नावे वेगळी उतरवून काढा. यंदाच्या अहवालात हरलेले सामनेही गुणांसह लिहा, राखीव खेळाडूंसकट प्रत्येक मुलामुलीचे पूर्ण नाव द्या, आणि हा अहवाल पी.टी.च्या सरांवर न टाकता खेळणाऱ्या मुलांकडूनच, सामना झाल्याच्या आठवड्यात लिहून घ्या.